पोट्टे जेव्हा पंच होतात

यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला रब्बीत दोन गोष्टींची धास्ती असते. एक, वीज रात्री किती वाजता येईल याची. दुसरी, मोटारीच्या केबलची. हरभरा घाटे धरायला लागलेला असतो, गव्हाची पाण्याची पाळी आलेली असते, आणि सकाळी जाऊन बघावे तर पेटीपाशी केबलचे कापलेले टोक तेवढे लोंबकळत असते. चोरलेली केबल नाल्यात नेऊन जाळतात. वरचे आवरण जळून गेले की तांबे उरते, ते किलोच्या भावाने भंगारात जाते. चोराच्या हातात त्यातले थोडेच पडते. शेतकऱ्याला मात्र नवी केबल, मिस्त्रीची मजुरी आणि चुकलेली पाळी अशी तिहेरी खोट बसते.

समजा, ही केबल कापणारी दोन पोरे पंधरा-सोळा वर्षांची निघाली. एकाने नववीत शाळा सोडलेली, दुसऱ्याचे नाव अजून हजेरीपटावर आहे. पुढे काय? गावात दोन रस्ते ठरलेले आहेत. चार कानफटात मारून, बापाला बोलावून, पैसे भरून घेऊन विषय मिटवायचा, हा पहिला. ठाण्यात न्यायचे, हा दुसरा. पहिल्यात मुलगा मार खातो, दुसऱ्यात तारखा. तू हे का केलेस आणि आता भरून कसे काढशील, असे त्याला बसवून, त्याचे ऐकून घेत विचारणारा माणूस दोन्ही रस्त्यांवर क्वचितच भेटतो.

हे विचारायचे काम त्याच्याच वयाच्या मुलांवर सोपवण्याचा उद्योग जगात काही ठिकाणी झाला आहे, आणि तो पोरखेळ ठरलेला नाही.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, ओडेसा या तेलविहिरींच्या शहरात १९८३ साली ‘टीन कोर्ट’ सुरू झाले. तुरळक प्रयोग त्याआधीही झाले होते, पण ओडेसाचा नमुना देशभर उचलला गेला आणि पुढे अशा न्यायालयांची संख्या हजाराच्या वर गेली. दुकानातून वस्तू उचलणे, शाळेतली मारामारी, तोडफोड, भिंती खराब करणे असे पहिल्यांदाच हातून घडलेले लहान गुन्हे इथे येतात. मुलाने केलेले कबूल करायचे आणि इथे यायला त्याची नि पालकांची संमती हवी, ही बहुतेक ठिकाणची अट. त्यामुळे गुन्हा केला की नाही यावर खल होत नाही. आता काय करायचे, एवढेच ठरवायचे असते. शाळकरी मुलांतलाच एक जण त्या मुलाची बाजू मांडतो, दुसरा वस्तीची. आणखी काही जण पंच म्हणून बसतात आणि मनसोक्त प्रश्न विचारतात. न्यायाधीशाच्या खुर्चीत कुठे मोठा माणूस असतो, कुठे तिथेही विद्यार्थीच. अलास्कातल्या अँकरेज शहरात १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या युवा न्यायालयाने तर असे काम करू इच्छिणाऱ्या मुलांना आधी कायद्याचे धडे घ्यायला आणि वकिलांसारखी परीक्षा पास व्हायला लावले.

शिक्षा म्हणजे समाजसेवेचे काही तास, माफीचे पत्र, नुकसानीची भरपाई, एखादी कार्यशाळा. आणि आणखी एक कलम असते, जे या साऱ्या पद्धतीतले सर्वांत धूर्त कलम म्हणावे लागेल: ज्याचा निवाडा झाला त्याने पुढच्या काही प्रकरणांत स्वतः पंच म्हणून बसायचे. काल ज्याला प्रश्न विचारले गेले तो आज प्रश्न विचारतो. थापा कशा मारल्या जातात हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे त्याच्यापुढे समोरच्याची डाळ शिजत नाही. आणि ‘मी वाया गेलेलाच’ असे मनाशी धरून बसलेल्या मुलाला आपले मत कुणीतरी लिहून घेतो आहे, हे पहिल्यांदा दिसते.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने चार राज्यांतली अशी न्यायालये तपासून २००२ मध्ये अहवाल काढला. अलास्कात युवा न्यायालयातून गेलेल्या मुलांपैकी ६ टक्के सहा महिन्यांत पुन्हा पोलिसांकडे आले. नेहमीच्या पद्धतीतून गेलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. मिसूरीतही फरक ठळक होता. मेरीलँडमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही, आकडे थोडे उलटेच होते. तिथे तुलना पोलिसांनीच चालवलेल्या सुधारणा कार्यक्रमाशी होती. म्हणजे ही काही जादूची कांडी नव्हे. मुलाशी कोणीतरी लवकर, नीट आणि ठरवून बोलले तर फरक पडतो, असा त्याचा अर्थ घेता येतो. ते बोलणारे समवयस्क असले की सोबतीने आणखी काही पदरात पडते, पण त्याकडे येण्याआधी जरा जुन्या काळात डोकावायला हवे. कारण ही कल्पना मुळात अमेरिकेचीच, असेही नाही.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात डॉक्टर आणि लेखक यानुश कोरचाक यांनी १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे वसतिगृह चालवले. तिथे मुलांचे न्यायालय होते. आठवडाभरात ज्याच्यावर तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडत. त्यांच्या हाती जी कलमांची वही असे तिच्यातली पहिली नव्याण्णव कलमे निर्दोष सोडण्याची किंवा माफ करण्याची होती. पुढची कलमे शंभर-शंभराने चढत जात, आणि हजारावे म्हणजे वसतिगृहातून काढून टाकणे. मोठ्यांवरही तक्रार करता येई. खुद्द कोरचाक सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. त्यातल्या एका खेपेला त्यांनी एका मुलाच्या कानफटात मारली होती आणि दुसऱ्या खेपेला चक्क न्यायाधीशाचा अपमान केला होता. याच वसतिगृहातल्या मुलांनी जुलै १९४२ मध्ये, वॉर्सा घेट्टोत, रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक केले. पुढच्याच महिन्यात नाझींनी मुलांना आणि त्यांना सोडून जायला नकार देणाऱ्या कोरचाकांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारले.

यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामला जवळपास त्याच काळात नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहत होती. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आर्यनायकम दांपत्याने तिथली शाळा चालवली. स्वयंपाकघर, सफाई, पाणी यांचे मंत्री मुलेच निवडत, आणि कामाचा हिशेब आमसभेपुढे ठेवावा लागे. भाजी करपली तर जाब विचारणारी मुले आणि जाब देणारीही मुलेच. त्याला न्यायालय म्हणता येणार नाही, पण चूक उघड मांडायची, तिच्यावर सगळ्यांदेखत बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच पंगतीला बसायचे, ही सवय तीच. आज जिल्हा परिषदेच्या शाळांत जे शालेय मंत्रिमंडळ असते ते या घराण्यातलेच. फक्त त्यातले ‘आरोग्यमंत्री’ बहुतेक शाळांत नखे तपासण्यापुरते उरले आहेत.

आता कायद्याकडे. भारतात मुलांनी चालवलेल्या न्यायालयाची तरतूद नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक महिला. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम १८ या मंडळाला बरीच मोकळीक देते: समज देऊन घरी पाठवणे, गटात समुपदेशन, देखरेखीखाली समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका. तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे ही शेवटची पायरी. समाजसेवा म्हणजे काय, याची उदाहरणेही २०१६ च्या आदर्श नियमांत आहेत. बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम. आणि मूल चौदा वर्षांवरचे हवे. किरकोळ गुन्ह्यात एफआयआर नोंदवायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असेही नियम सांगतात. सहा महिन्यांत चौकशी संपली नाही तर किरकोळ प्रकरण तिथेच बंद होते.

म्हणजे कागदावर सारे उदार आहे. आपल्याकडे हे औदार्य आणायला बरीच वर्षे लागली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची, मुंबईचा मुलांसाठीचा कायदा १९२४ चा. तरीही १९८० च्या दशकात पत्रकार शीला बारसे यांना तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. आज अडचण कायद्याच्या शब्दांत कमी आणि माणसांत जास्त आहे. समाजसेवा करायला सांगितली, पण देखरेख कोण करणार? परिविक्षा अधिकारी मोजके. मंडळ सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी बसते; वणी किंवा उमरखेड यवतमाळपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. कापूस वेचणीच्या दिवसांत पोराच्या तारखेला जायचे म्हणजे बापाची रोजी बुडते. मग समज देऊन सोडणे हाच सगळ्यांना सोयीचा आदेश.

आणि लोकांना तो पटत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध ही अट देशभर चेष्टेचा विषय झाली. वाहतूक पोलिसांसोबत पंधरा दिवस काम आणि समुपदेशन याही अटी होत्या, पण त्या कुणाच्या लक्षात नाहीत. दोन माणसे गेल्यावर निबंध, हे कुणालाही संतापजनकच वाटणार. असे प्रकरण तर कोणतेही युवा न्यायालय हातात घेणार नाही. पण त्या संतापात वाईट एवढे झाले की, सुधारणेची कोणतीही अट म्हणजे ‘निबंध’ असा शिक्का बसला. केबल चोरणाऱ्या पोराला विहीरमालकाकडे आठ दिवस राबायला सांगितले तरी आता कोणी म्हणेल, लिहा निबंध.

खरे तर मोठ्यांच्या कायद्यातही ही वाट आता आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. चोरी केली त्याने भरून द्यावे आणि वर गावासाठी काही करावे, हे गावकऱ्यांना पटवून द्यावे लागत नाही. ते त्यांचेच म्हणणे असते.

गावाने तंटा गावात मिटवण्याचा सरकारी प्रयोगही महाराष्ट्राने केला आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, धुऱ्याचे, वाटणीचे, भांडणाचे तंटे सामोपचाराने मिटवायचे, आणि लोकसंख्येच्या हिशेबाने लाखोंचे बक्षीस. काही वर्षे जोर होता. आता बऱ्याच गावांत ‘तंटामुक्त गाव’ ही वेशीवरची पाटी आणि लग्न लावून देणारे अध्यक्ष एवढेच शिल्लक दिसते. पण त्या समित्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: ज्याचे नुकसान झाले तो आणि ज्याने केले तो समोरासमोर बसले तर निम्मे भांडण बसण्यातच उतरते. त्या समित्यांत मुले मात्र कधी नव्हती.

मुले आहेत ती दुसऱ्या एका समितीत. बाल संरक्षणाच्या केंद्रीय योजनेखाली प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक सदस्य, आणि दोन जागा मुलांच्या प्रतिनिधींसाठी. युवा न्यायालयाची पेरणी करायची तर ती या दोन जागांत करता येईल. नवा कायदा लागत नाही. मंडळाने कलम १८ खाली गट-समुपदेशनाचा किंवा समाजसेवेचा आदेश द्यायचा आणि त्याचा तपशील, म्हणजे कोणते काम, किती दिवस, माफी कशी, भरपाई कशी, हे प्रशिक्षित मुलांच्या पंचमंडळाने सुचवायचे. शेवटची सही मंडळाचीच. प्रशिक्षण द्यायला यवतमाळात माणसे नाहीत असेही नाही: अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

यातून गावाला काय मिळेल? विहीरमालकाचेच बघू. नेहमीच्या पद्धतीत तो फक्त फिर्यादी. त्याची केबल जप्तीच्या मुद्देमालात, आणि बरेचदा जळालेल्या तांब्याच्या गोळ्याच्या रूपात. पंचांपुढे तो सांगू शकतो की, पाळी चुकली त्यामुळे घाटे भरले नाहीत, बियाण्याची उधारी अजून दुकानदाराकडे आहे. पोरांना चोरीची किंमत पहिल्यांदा भंगाराच्या भावाबाहेर कळते. पंच म्हणतील, नवी केबल जमिनीखालून पाइपात टाकायला दोघांनी मिस्त्रीच्या हाताखाली काम करायचे. त्यात विहीरमालकाचे काम होते, शाळा सोडलेल्याच्या हाताला मोटार बांधण्याचे काम लागते. आणि पंच झालेली मुले? दहावी-बारावीच्या वयात त्यांना पुरावा आणि अफवा यांतला फरक, समोरच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे, आपल्या मताला कारण देणे, हे शिकायला मिळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यातले काहीच मिळत नाही.

इथवर सारे गोड वाटते. पण यवतमाळात हे करायचे तर दोन-तीन ठिकाणी पाय घसरण्याची भीती आहे, आणि ती लहान नाही.

पहिली जात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पण फासेपारध्यांच्या बेड्यावरच्या मुलाकडे बघायची गावाची नजर अजून बदललेली नाही. गावात काही हरवले की पोलीस आधी तिथे जातात. अशा मुलापुढे पंच म्हणून पाचही जण सधन घरांतले, इंग्रजी शाळेतले बसले तर ते न्यायालय राहणार नाही, गावातली जुनीच उतरंड गणवेश घालून बसेल. पंचांत बेड्यावरची, तांड्यावरची, कोलाम पोडावरची मुले हवीतच. मुली निम्म्या हव्यात. आणि निवड शिक्षकांच्या लाडक्यांतून न करता कोरचाकांसारखी चिठ्ठ्या टाकून केलेली बरी.

दुसरी भीती जातपंचायतीची. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो अनुभवाने पोळून. निवाडा लोकांच्या हाती दिला की काही लोक दंड, बहिष्कार आणि नाक घासायला लावणे यांच्यावर येतात. मुलेही येतील, मुले दयाळूच असतात असे ज्याला वाटते त्याने शाळेची मधली सुट्टी पाहिलेली नाही. म्हणून शिक्षेची यादी आधीच ठरलेली हवी, आणि अपमान होईल असे काही तिच्यात नको.

तिसरी, गुप्ततेची. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. पुण्या-मुंबईत हे जमेल. हजार वस्तीच्या गावात कुणाच्या पोराला ठाण्यात नेले ते संध्याकाळच्या आत पानठेल्यावर कळते. त्यावर उपाय अंतराचा: घाटंजीच्या प्रकरणाला दारव्ह्याचे पंच, मारेगावच्या प्रकरणाला नेरचे. सोळा तालुक्यांचा जिल्हा असण्याचा तेवढा तरी फायदा घ्यावा. कबुलीचाही प्रश्न आहेच. पंचांपुढे जे मान्य केले ते पुढे कुठल्याही न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे लेखी हवे. नाहीतर घाबरलेले मूल न केलेलेही कबूल करून मोकळे होईल.

सुरुवात कोणत्या गुन्ह्यापासून करावी, हे यवतमाळच्या दत्त चौकात शिकवण्या सुटण्याच्या वेळी उभे राहिले तरी समजते. दुचाकीवर तिघे, चालवणारा दहावीतला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ यासाठी कडक झाले आहे: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. एवढे कडक कलम रोज लावायचे तर अर्धे शहर कोर्टात उभे राहील. असा एक मुलगा पंचांपुढे आला तर त्याला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काही रविवार मदतीला पाठवणे त्यांना अवघड जाणार नाही. डोके खाजवायला लागेल ते किल्ली हातात देणाऱ्या बापाचे काय करायचे यावर. कायद्याने आधी दोषी तो आहे, आणि मुलाचा पालक म्हणून शेजारच्या खुर्चीत बसलेलाही तोच असणार.